नंबर कोणाचा छापायचा?

गेला महिनाभर इथे काही लिहिलं नाही. तब्येत बरी आहे, काळजी नसावी. झालं असं की माझ्याच एका मूर्खपणामुळे धुळ्याचा धाकटा भाऊ माझ्याशी बोलेनासा झाला होता. आता बोलतो. पण त्या निमित्ताने डोक्यात जे साठलंय ते लिहून मोकळं व्हावं म्हणून आज बसलो. नातेवाईक मंडळीही हे वाचतात. त्यांच्याही कानावर काहीबाही गेलंच असेल, तेव्हा खरं काय ते त्यांनाही कळेल.

आमचं वडिलांचं घर धुळ्याला देवपुरात आहे. मी नोकरीसाठी जळगावला आलो तो इथलाच झालो. धाकटा त्या घरात राहिला. आई-वडिलांचं शेवटचं सगळं त्याने आणि भावजयीनेच केलं. घर कागदोपत्री मात्र दोघांच्या नावावर.

एका रात्री झोप येत नव्हती म्हणून मोबाइल चाळत होतो. जाहिरात आली : 'तुमच्या घराची आजची किंमत जाणून घ्या, अगदी मोफत!' घर विकायचं स्वप्नातही नव्हतं. मृत्युपत्र करून ठेवावं आणि माझा हिस्सा भावाच्या नावे लिहावा असं मनात होतं, म्हणून आकडा बघावासा वाटला. नाव, गाव, पत्ता, फोन सगळं भरलं. खाली 'पर्यायी नंबर' असा एक रकाना होता. जन्मभर पोरांना सांगितलेलं, परीक्षेत एकही रकाना कोरा सोडू नका. मी तिथे भावाचा नंबर टाकला. किंमत काही दिसलीच नाही. 'आमचे प्रतिनिधी लवकरच संपर्क करतील' एवढंच आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला सात फोन आले. ते मी निभावले असते. पण तेच फोन धुळ्यालाही जात होते. "घर विकायचंय ना? पार्टी रोख तयार आहे, कागद कधी दाखवता?" संध्याकाळी तर एक जण फाटकाशी उभा राहून घराचे फोटो काढत होता. रात्री भावाचा फोन आला. "अण्णा, घर इकनं शे का?" एवढंच विचारलं आणि ठेवून दिला.

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आपल्याच धाकट्या भावासमोर 'मी चोर नाही' हे सिद्ध करायला धुळ्याची बस धरावी लागली. एरंडोल, पारोळा करत जाताना सगळा रस्ता काय बोलायचं त्याची जुळवाजुळव करत होतो. बोललो, पटलं, भावजयीने चहा केला. पण बिचारी माझ्याकडे बघून बोलली नाही. असो.

माझा एक जुना विद्यार्थी जळगावात प्लॉट-फ्लॅटची एजंटगिरी करतो. त्याला विचारलं, बाबा रे, हा काय प्रकार आहे? तो म्हणाला, "सर, तुम्ही लीड झालात." लीड म्हणजे मला निवडणुकीतली आघाडी माहीत! त्याने समजावलं. अशा जाहिराती करणारे लोक वेगळे असतात. त्यांच्याकडे ना घर असतं ना गिऱ्हाईक. आपण भरलेला फॉर्म हाच त्यांचा माल. तो माल एकेक नगावर एजंटांना विकला जातो आणि पुष्कळदा एकच नग चार-पाच जणांना. पैसे गेलेले, म्हणून प्रत्येक जण लगोलग फोन लावतो. उशीर झाला की लीड 'थंड' होते म्हणे. काही जाहिरातींत तर नाव-नंबर आधीच भरून येतो, आपण फक्त बोट टेकवायचं.

पूर्वी पेपरात छोट्या जाहिराती यायच्या. 'मेहरूण भागात प्लॉट विकणे आहे' आणि खाली नंबर. तो नंबर विकणाऱ्याचा असायचा. वाचणारा घरात बसून दहा जाहिराती वाचायचा, कोणाला पत्ता लागत नसे. वाटलं तर तो फोन करी. आता उलटं झालंय. विकणारा पडद्याआड आणि वाचणाऱ्याचा नंबर बाजारात. माझी सगळी तक्रार एवढीच आहे. ज्याला धंदा करायचाय त्याने आपला नंबर छापावा, माझा का छापता?

विद्यार्थी म्हणाला, "सर, आमचं पोट आहे. पूर्वी चहाच्या टपरीवर बसलं की गिऱ्हाईक कळायचं. आता पोरं पुण्याला, सुरतला, अमेरिकेत. ती मोबाइलवरच शोधतात." मला हे मान्य आहे. खानदेशातली निम्मी घरं मुलं बाहेर आणि म्हातारे इथे अशी झालीत. बाहेर बसून घर बघता येतं ही सोयच आहे. मोबाइलवर जाहिरात करायला माझी हरकत नाही, आणि दलालीलाही नाही. पूर्वीचे दलाल काही देवमाणसं नव्हते, दोन्हीकडून टक्केवारी घेणारे मीही पाहिलेत. पण तो दलाल गावातला असे. फसवलं तर दुसऱ्या दिवशी त्याच टपरीवर त्याला तोंड दाखवावं लागे. माझा नंबर विकणारा कुठल्या गावचा, मला आजवर कळलेलं नाही.

आणि गंमत म्हणजे यात एजंटही नागवला जातो. माझा विद्यार्थी पैसे मोजून लीड घेतो आणि पलीकडे निघतो माझ्यासारखा झोप न येणारा म्हातारा!

कायदा नाही म्हणावं तर तसंही नाही. २०१६ साली रेरा कायदा झाला. नोंदणी करावी लागणाऱ्या प्रकल्पातलं घर वा प्लॉट विकायचा तर एजंटालाही नोंदणी लागते आणि व्यवहारात तो क्रमांक लिहावा लागतो. २०२३ साली महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. (या वयातही पोरांना परीक्षेला बसवलं म्हणून मला बरं वाटलं!) त्याच वर्षी १ ऑगस्टपासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही आला. म्हणजे घराची माहिती देण्यावर नियम आहेत. पण माझी माहिती घेण्याचं काय? १९०९ वर नको असलेल्या फोनची नोंद करता येते, मी केलीही. पण फोन करणारा म्हणतो, "साहेब, फॉर्मवर तुम्हीच टिक केलंय." व्यक्तिगत माहितीचा कायदा २०२३ साली झाला. संमती मोकळेपणाने, समजून आणि ठरावीक कामापुरतीच घेतलेली असावी, असं तो सांगतो. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत.

मी विचारतो, किंमत बघायला दिलेली संमती विकण्याची संमती कशी झाली? आणि भावाने तर कुठलीच संमती दिली नव्हती. त्याची संमती मी दिली. तो गुन्हा माझा, आणि तो मी इथे चारचौघांत कबूल करतो.

म्हणून एजंट मंडळींना माझं सांगणं आहे. जाहिरातीत भाव लिहा, आपलं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा, आपला नंबर लिहा. ज्याला गरज आहे तो फोन करील. दहाच येतील, पण खरे येतील. विकत घेतलेल्या याद्या घेणं तुम्ही थांबवलंत की विकणाऱ्यांचं दुकान आपोआप बंद होईल.

आणि घरच्यांना : नुसता अंदाज हवा असेल तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर रेडी रेकनरचे दर बघायला मिळतात. तो बाजारभाव नव्हे, पण तो बघितल्यावर कोणी तुमच्या फाटकाशी येऊन उभा राहत नाही. एजंटाची नोंदणीही महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येते. आणि दुसऱ्याचा नंबर कुठल्याही रकान्यात भरू नका. हे मी, जन्मभर रकाने भरायला शिकवणारा मास्तर, सांगतोय. कोरा सोडा.

मृत्युपत्राचं काम मार्गी लागलं आहे. भावाला ते माहीत नव्हतं, आता हे वाचून कळेल.