लेसरची निवड नंतर, पारपटलाचे मोजमाप आधी

जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये दवाखान्यांच्या पाट्या वाचत चालणाऱ्या चष्मेधारी विद्यार्थ्याच्या मनात बहुधा एकच प्रश्न असतो : लॅसिक, स्माईल की पीआरके? त्याहून नेमका प्रश्न म्हणजे ‘सर्वांत नवे कोणते?’ माझ्या मते येथेच चूक होते. मोबाईल निवडावा तसा लेसर निवडता येत नाही. तो आपल्या डोळ्याच्या मापांवरून ठरतो.

या शस्त्रक्रियेचा पायाच मोजमापाचा आहे. 1981 साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन यांनी टर्की पक्ष्याच्या उरलेल्या मांसाच्या तुकड्यावर 193 नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर सोडला. भोवतालचा भाग न करपता स्वच्छ खाच पडली. एका स्पंदात साधारण पाव मायक्रॉन ऊती उडवणारे हे साधन पुढे पारपटलाला, म्हणजे कॉर्नियाला, नवा आकार देऊ लागले.

तिन्ही पद्धतींत पारपटलातील ऊती कमी होते. फरक वाटेचा आहे. पीआरकेमध्ये वरचा पेशीथर काढून पृष्ठभागावर लेसर चालवतात. तो थर पुन्हा वाढतो, मात्र काही दिवस वेदना होतात आणि दृष्टी स्थिरावायला काही आठवडे लागतात. लॅसिकमध्ये सुमारे 110 मायक्रॉन जाडीची झडप उचलून आत लेसर चालवतात. दुसऱ्याच दिवशी स्पष्ट दिसते, पण झडपेबरोबर चेतातंतू कापले जातात आणि डोळे कोरडे पडतात. स्माईलमध्ये फेम्टोसेकंद लेसरने आतच एक पातळ चकती कोरून ती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात. झडप नसते आणि कोरडेपणा तुलनेने कमी असतो; अंतिम दृष्टी मात्र लॅसिकइतकीच.

आता वहीत मांडता येईल असे गणित पाहू. सहा मिलिमीटर व्यासाच्या क्षेत्रात एक डायॉप्टर नंबर घालवायला साधारण 12 मायक्रॉन ऊती जाते. समजा, नंबर उणे 8 आहे आणि पारपटलाची जाडी 480 मायक्रॉन. सरासरी जाडी 540 च्या आसपास असते. लेसरने 96 मायक्रॉन जातील. लॅसिकच्या झडपेचे 110 मिळवले की 206. खाली उरले 274. किमान 250 उरावेत, या जुन्या निकषात हा डोळा बसतो. परंतु एकूण जाडीच्या 43 टक्के भागाला धक्का लागतो, आणि हे प्रमाण 40 टक्क्यांवर गेले की पारपटल कमकुवत होऊन पुढे फुगण्याचा धोका वाढतो, असे 2014 च्या एका अभ्यासात दिसले. पीआरकेत झडप वाचते, पण मोठ्या नंबरात पारपटलावर धूसरपणा येण्याची भीती असते. अशा डोळ्यासाठी सर्वांत प्रामाणिक सल्ला ‘चष्माच बरा’ हाही असू शकतो.

म्हणून सल्लामसलतीत दराआधी तीन गोष्टी विचारा. जाडी किती? टोपोग्राफीत आकार नियमित आहे का? गेले वर्षभर नंबर स्थिर आहे का? डोळे चोळण्याची सवय असेल किंवा घरात कुणाला केराटोकोनस असेल, तर ते आपणहून सांगा. तपासणीपूर्वी डॉक्टर सांगतील तितके दिवस कॉन्टॅक्ट लेन्स घालू नका. तिच्या दाबाने मापे चुकतात. जबलपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात डोळ्यांतील ओलाव्याची चाचणीही टाळू नका. सैन्यात जायचे असेल, तर आधी त्या प्रवेशाचे वैद्यकीय नियम वाचा. काही प्रवेशांत ही शस्त्रक्रियाच अपात्र ठरवते.

शस्त्रक्रिया वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या लॅसिकविषयीच्या अभ्यासात 95 टक्क्यांहून अधिक जण समाधानी होते. मात्र त्याच अभ्यासात, आधी काहीही त्रास नसलेल्यांपैकी 46 टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी दिव्यांभोवती वलये दिसण्यासारखे किमान एक नवे लक्षण जाणवले. दोन्ही आकडे खरे आहेत. जाहिरातीत बहुधा पहिलाच छापला जातो.

चाळिशीनंतर वाचनाचा चष्मा बहुतेकांना लागतोच, हेही ध्यानात असू द्यावे. काढलेली ऊती परत येत नाही. तेव्हा निर्णयापूर्वी आपल्या मापांचा कागद हाती मागा, त्यावर हे गणित स्वतः करा, आणि शक्य असल्यास तोच कागद दुसऱ्या नेत्रतज्ज्ञांना दाखवा.