तारीख एक, 'आपण' किती?

फ्रीलान्स जर्नलिस्टचं आयुष्य काय असतं हे जाणून घ्यायचं असेल, तर एकदा दिनविशेष लिहायला घ्या. सध्या मी एका डेस्क कॅलेंडरसाठी तेच करतेय. ३६५ तारखा, प्रत्येकी ३५ शब्द. पेमेंट कधी होणार, ते विचारू नका. थीम आहे 'रणभूमी'. (दिवाळी गिफ्ट म्हणून लढाया? मलाही पडला होता प्रश्न. पण घरभाडं भरायचं असलं की माणूस थीमवर वाद घालत नाही.)

तशा बऱ्याच तारखा सोप्या निघाल्या. १४ जानेवारी म्हणजे पानिपत, १७६१. आपल्याकडे झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. १६ डिसेंबर म्हणजे ढाका, १९७१. २५ ऑक्टोबरला तर बंपर लॉटरी! अ‍ॅजिनकोर्ट १४१५ आणि बालाक्लाव्हा १८५४, दोन्ही एकाच दिवशी. गाडी मस्त चालली होती, आणि आली २३ सप्टेंबर.

प्रॉब्लेम तारखेचा नव्हता. क्लायंटची एक सूचना होती : 'प्रत्येक एंट्रीत आपण जिंकलो का, ते क्लिअर आलं पाहिजे. पॉझिटिव्ह वाटायला हवं.'

ओके. तर २३ सप्टेंबर १८०३. स्थळ : असई, जालना जिल्हा. अजिंठ्याला वीकेंड ट्रिप मारणारे आपण सगळे याच्या आसपासून जाऊन आलोय आणि कुणालाच पत्ता नाही. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज, शंभरच्या आसपास तोफा, शिवाय कवायती पायदळाच्या पलटणी. दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, वय वर्षं ३४. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन होऊन वॉटर्लूला नेपोलियनला हरवणार होता. गंमत म्हणजे, ही तारीख ठरलेलीच नव्हती. वेलस्ली आणि त्याचा सहकारी स्टीव्हन्सन यांनी मिळून २४ तारखेला हल्ला करायचा, असा प्लॅन होता. पण २३ला वेलस्लीला कळलं, की मराठा फौज वाटली होती त्यापेक्षा खूपच जवळ आहे. स्टीव्हन्सन अजून लांब, हाताशी लढणारी माणसं साडेचार हजारांच्या आसपास. कुणीही शहाणा माणूस थांबला असता.

हा थांबला नाही. मध्ये केळना नदी, आणि वाटाडे छातीठोकपणे सांगतायत, इथे उतार नाही. वेलस्लीने दुर्बीण लावली. नदीच्या अलीकडे एक गाव, पलीकडे बरोब्बर समोर दुसरं. तो म्हणाला, दोन गावं अशी समोरासमोर वसलीत म्हणजे लोकांची ये-जा असणार, आणि ये-जा असणार म्हणजे उतार असणारच. माणूस पाठवून बघितलं, तर उतार होता! नकाशा नाही, जीपीएस नाही, निव्वळ कॉमन सेन्स. मॅनेजमेंटवाल्यांनी याची केस स्टडी कशी काय केली नाही, देव जाणे.

पण शाळेच्या पुस्तकात एका वाक्यात उरकतात तेवढी ही लढाई सोपी गेली नाही. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती पोलमान नावाचा जर्मन होता. वेलस्ली बगलेवर आलेला दिसताच त्याने अख्खी रांग वळवून त्याच्यासमोर उभी केली. वेलस्लीला हे अपेक्षितच नव्हतं. आणि गोलंदाज! संगिनी अंगावर येईपर्यंत ते तोफांपाशी उभे होते. काही जण तर मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्यांनी पाठीमागून पुन्हा तोफा डागल्या. शेवटी ९८ तोफा गेल्या, लढाई गेली. पण वेलस्लीचेही दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले, म्हणजे लढलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा. त्याच्या अंगाखालचा एक घोडा गोळीने मेला, दुसऱ्याला भाला लागला. पुढे म्हातारपणी त्याला कुणीतरी विचारलं, तुझी सगळ्यात भारी लढाई कोणती? वॉटर्लू नाही. तो म्हणाला, असई.

म्हणजे आपण हरलो. लिहून टाकावं ना? पण 'आपण' कोण? वेलस्लीच्या फौजेत बहुसंख्य मद्रासचे देशी शिपाई होते. सोबत म्हैसूरचं घोडदळ. आणि हो, पेशव्यांच्या बाजूचे मराठा स्वारसुद्धा, कारण दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांचा हात धरलेला. कीबोर्डवरचा हात थांबला तो इथे.

म्हटलं, पुढची घटना बघू. २३ सप्टेंबर १९१८, हैफा. पहिल्या महायुद्धाचे शेवटचे दिवस. कार्मेल डोंगरावर तुर्कांच्या तोफा आणि मशीनगन्स, आणि खालून जोधपूर लान्सर्सचे घोडेस्वार येतायत. हातात काय, तर भाले आणि तलवारी! किशोन नदीकाठी चिखलात घोडे रुतायला लागले, तेव्हा दिशा बदलून त्यांनी गावावर चाल केली. मेजर दलपतसिंह शेखावत या हल्ल्यात गेले. म्हैसूर लान्सर्स बाजूने डोंगरावर चढले. हो, तेच म्हैसूर. संध्याकाळपर्यंत हैफा पडलं. दिल्लीतला तीन मूर्ती चौक आठवतोय? त्या तीन मूर्ती म्हणजे जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद. २०१८ मध्ये चौकाच्या नावात 'हैफा'सुद्धा आलं.

जिंकलो! पण कुणासाठी? पगार संस्थानाचा, युद्ध इंग्रजांचं, गाव तुर्कांचं.

तिसरी एंट्री १९६५ची. भारत-पाकिस्तान युद्धबंदी, २३ सप्टेंबर, पहाटे साडेतीन. (ग्रिनिचच्या घड्याळात तेव्हा २२ तारखेचे रात्रीचे दहाच वाजले होते, त्यामुळे परदेशी पुस्तकं उघडाल तर गोंधळ उडेल. माझा उडाला.) या एंट्रीसाठी मला पुस्तक लागणार नव्हतं. साताऱ्याला आबांना फोन लावला. माझे आजोबा त्या वेळी पंजाबात दारूगोळ्याचा ट्रक चालवायचे.

"आबा, साडेतीनला काय झालं?"

"काय व्हायचंय? तोफा थांबल्या. इतकं गप्प झालं की झोपच लागंना."

"मग आनंद?"

बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, रेंज गेली. मग म्हणाले, "आमच्यातला एक जण आदल्या सांजेला गेला. पहाटे थांबणार हाय, हे सगळ्यांस्नी ठाऊक झालं होतं. त्यालाबी ठाऊक होतं."

नाव विचारायचं धाडस झालं नाही. विषय बदलावा म्हणून मी असईचं सांगायला लागले. मद्रासचे शिपाई, वेलस्ली वगैरे. आणि मला नुकतंच कळलेलं एक : त्या लढाईची आठवण म्हणून पलटणींना हत्तीचं चिन्ह मिळालं, आणि आजही आपल्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर असईचा हत्ती आहे. आबा हसायला लागले. "आरं तिच्या! त्या पोरांच्या टोपीवरचा हत्ती? आमाला वाटायचं, देवळातला असंल!"

मग पुन्हा गप्प. "म्हंजी आपल्यालाच हरवून मिळालेला का गं?"

"हो आबा."

"आन् ती पोरं आमच्या शेजारच्या तंबूत. एका ताटात जेवलोय."

फोन ठेवला आणि ३५ शब्द टाइप केले. असई, हैफा, युद्धबंदी. तारीख, ठिकाण, कोण कोणाविरुद्ध. 'आपण' हा शब्द कुठेच घातला नाही. मेल पाठवून चहा टाकला. उकळी यायच्या आत क्लायंटचा रिप्लाय : 'छान झालंय. पण जिंकलं कोण, ते राहिलंय.'

अजून उत्तर दिलेलं नाही.