एआय नोकऱ्या खाणार का? ग्रुपवरची तकरार आणि मुलांचे प्रवेश

२७ जुलै २०२५ रोजी टीसीएसने जाहीर केले की, जगभरातील आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी केले जातील. पिंपरी-चिंचवडमध्ये ही बातमी दूरची राहिली नाही. इथे एका घरातला मुलगा हिंजवडीला आयटीत असतो आणि दुसरा चाकणच्या कंपनीत शिफ्ट करतो. त्यामुळे घरच्या, सोसायटीच्या, शाळेच्या, सगळ्याच ग्रुपवर वाद पेटला आणि तो अजून विझलेला नाही.

वादाच्या बाजू दोनच. एक म्हणते, ‘एआय सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार, पोरांना इंजिनिअरिंगला घालूच नका.’ दुसरी म्हणते, ‘ज्यांना काम येत नाही तेच रडतात, शिकेल तो टिकेल.’ उर्दूत भांडणाला ‘तकरार’ म्हणतात. अरबीत त्याचा मूळ अर्थ पुन्हा पुन्हा तेच म्हणणे. मराठीत आला तेव्हा तोच शब्द ‘तक्रार’ झाला. आपल्या ग्रुपवर हे तिन्ही अर्थ एकदम चालू असतात. बहस मात्र होत नाही, कारण बहस करायला दलील लागते.

बातमीत काय होते?

कपात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतल्या कर्मचाऱ्यांची असेल, असे कंपनीने तेव्हाच सांगितले होते. हे एआयमुळे नाही, कौशल्य आणि उपलब्ध काम यांचा मेळ बसत नाही म्हणून आहे, असे कंपनीचे प्रमुख के. कृतिवासन यांचे म्हणणे होते. पुढे पुण्यातील सुमारे २,५०० जणांना राजीनामे द्यायला लावले, असा दावा ‘नाइट्स’ या कर्मचारी संघटनेने केला. कंपनीने तो फेटाळला. सप्टेंबर २०२५ अखेरच्या तिमाहीत कंपनीची एकूण कर्मचारीसंख्या १९ हजारांहून अधिकने घटली. त्यात स्वतःहून नोकरी सोडणारेही येतात.

म्हणजे कंपनी एक सांगते, संघटना दुसरे सांगते आणि आकडे दोघांनाही प्रश्न विचारतात. यावर बोलण्यासारखे खूप आहे. पण ग्रुपवर हे कोणी वाचतच नाही. मधल्या फळीची बातमी थेट दहावीच्या पोराला लावली जाते.

आपल्या पट्ट्याचा अनुभव

खरे तर मशिन आणि नोकरी हा प्रश्न या भागाला नवा नाही. बजाज ऑटोने २०१० पासून माणसाच्या शेजारी उभे राहून काम करणारे छोटे रोबोट वापरायला घेतले. चाकणच्या लाइनवर रोबोटही आले आणि मुलीही कामाला लागल्या. याच चाकण प्लांटमध्ये २०१३ साली कामगारांनी सुमारे ५० दिवस संप केला. त्यातल्या मागण्या पगाराच्या आणि कंपनीच्या शेअर्सच्या होत्या.

त्याआधी २००७ मध्ये बजाजने आकुर्डीतले उत्पादन थांबवले. कारण दिले होते वाढलेल्या खर्चाचे. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये शेवटची गाडी निघाली. कंपनीने भारतातून काढता पाय घेतला आणि हजारावर कामगार रस्त्यावर आले. तिथे नोकऱ्या रोबोटने नाही, कंपनीच्या निर्णयाने गेल्या. तोच कारखाना ह्युंदाईने घेतला आणि आता तिथून पुन्हा गाड्या बाहेर पडतात.

मशिनने कामे बदलतात, काही जातातही. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण नोकरी जाते तेव्हा कोणी ठरवले, का ठरवले, कामगार कायम होता की ठेकेदाराचा, हे प्रश्नही येतात. ‘एआयने खाल्ली’ म्हटले की हे सगळे प्रश्न झाकले जातात. ‘शिकेल तो टिकेल’ म्हटले तरी झाकले जातात, कारण तळेगावचे कामगार काम येत नव्हते म्हणून गेले नाहीत.

आता नवीन सवय लागली आहे. वाद रंगला की कोणी तरी एआयलाच विचारतो आणि उत्तराचा स्क्रीनशॉट टाकतो. जणू निकाल लागला! मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षात ‘ग्रोक’ने सुदानमधल्या खार्तूम विमानतळाचा जुना व्हिडिओ पाकिस्तानच्या नूर खान तळावरील हल्ल्याचा म्हणून सांगितला होता. मशिनचे उत्तरही तपासावेच लागते.

घरात काय होते?

ग्रुपवरचे भांडण रात्री संपते, पण निर्णय घरात होतो. दहावी-बारावीचे निकाल लागले की आम्हा शिक्षकांकडे पालक येतात आणि फॉरवर्ड दाखवून विचारतात, ‘सर, डिप्लोमाची फी भरू का नको?’ भीतीची पहिली कात्री बहुतेक वेळा मुलीच्या शिक्षणावर चालते. भावाची फी कशीबशी भरली जाते. तिच्याबाबत मात्र ‘पुढे नोकऱ्याच राहणार नाहीत तर कशाला?’ हे वाक्य फार सोयीचे पडते. ज्यांनी फॉरवर्ड पाठवला त्यांना याचा पत्ताही नसतो.

म्हणून वाद करू नका असे आम्ही म्हणत नाही. जरूर करा, पण तीन गोष्टी विचारून करा. बातमी कोणाबद्दल आहे: आयटीतल्या मॅनेजरबद्दल, फ्रेशरबद्दल की आयटीआयच्या मुलाबद्दल? हे कोण सांगतोय आणि त्याला त्यात काय मिळते? कोर्स विकणाऱ्यालाही भीती उपयोगी पडते. आणि तिसरे, ते काम रोज करणाऱ्या माणसाला कोणी विचारले का?

तिसरा प्रश्न आपल्यासाठी सर्वांत सोपा आहे. रोबोटची वायरिंग करणारा, बंद पडलेली लाइन सुरू करणारा, क्वालिटी तपासणारी मुलगी, हे सगळे आपल्याच मोहल्ल्यात राहतात. प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी त्यांच्यापैकी एकाला घरी चहाला बोलवा आणि मुलामुलींना त्यांच्यासमोर बसवा. पगार किती, कायम किती वर्षांनी करतात, नवीन मशिन आल्यावर कोणाचे काम गेले आणि कोणाला नवे मिळाले, हे मुलांना स्वतः विचारू द्या.