कडब्याची खूण आणि कोलॅजनची रचना

ऊतीतल्या रेणूंची रचना घन-अवस्था एनएमआरने (अणुकेंद्रकांचे चुंबकीय संकेत वाचणाऱ्या तंत्राने) वाचायची, तर तिच्यात कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ हे जड समस्थानिक आधी मुरवावे लागतात. निसर्गात कार्बन-१३ जेमतेम १.१ टक्के. शेजारचे दोन कार्बन एकमेकांना जोडलेले दाखवायला दोन्ही जड हवेत, आणि तसा योग सुमारे आठ हजारांत एकदा येतो. अंकित, म्हणजे जड समस्थानिक मुरवलेल्या, खाद्याने प्रमाण २० टक्क्यांवर गेले, की तो पंचविसांत एकदा येतो. केंब्रिजच्या मेलिंडा डूअर यांच्या गटाने २०१४ साली अशाच अंकित उंदराची ऊती आणि पेशींनी प्रयोगशाळेत विणलेली ऊती यांचे वर्णपट ताडून पाहिले.

बीड जिल्ह्यातल्या गुरांवर अंकित खाद्याशिवायही कार्बनची एक खूण मुळातच असते. ज्वारीचा कडबा, बाजरीचे सरमाड, ऊसतोडीच्या हंगामात बैलांपुढे पडणारे वाढे ही सगळी सी-४ वैरण (सी-४ आणि सी-३ हे वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणाचे दोन प्रकार). तिचे कार्बन-१३ मूल्य, म्हणजे ठरलेल्या प्रमाणकाशी तुलना करून काढलेला फरक, उणे १३ प्रतिसहस्राच्या आसपास. तुरीचे भुसकट, सोयाबीनची गुळी, सरकी पेंड ही सी-३, उणे २७ च्या जवळ. हाडातले कोलॅजन खाद्याहून साधारण ५ प्रतिसहस्राने जड भरते. म्हणून बाभळी-बोरीचा पाला ओरबाडणारी उस्मानाबादी शेळी आणि कडब्यावरची गाय एकाच गोठ्यात असूनही वेगळ्या ओळखता येतात. कडब्यावरून वाढ्यांवर गेलेला बैल मात्र शेपटीच्या केसांवरूनही कळत नाही, कारण दोन्ही वैरणी सी-४ च.

ही खूण आहार सांगते, रचना नाही. दोन्ही प्रकारच्या वैरणींतला १४ प्रतिसहस्राचा फरक म्हणजे एकूण कार्बनच्या अवघा ०.०१५ टक्के, एनएमआरला त्याचा काही उपयोग नाही. या दोन गोष्टींची गल्लत ऊतीच्या रचनेचा अभ्यास आखतानाच टाळायला हवी.

शेळीला अंकित खाद्य घालणेही परवडणारे नाही. कोठीपोटातले जंतू त्याची फोड करतात आणि बराचसा महागडा जड कार्बन मिथेन व कार्बन डायऑक्साइड होऊन ढेकरांवाटे निघून जातो. त्यापेक्षा त्याच जनावराच्या हाडातल्या पेशी वाढवून त्यांना अंकित ग्लायसीन व प्रोलीन द्यावे. कोलॅजनच्या साखळीत दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसीन असल्याने थोड्या खर्चात बरीच साखळी उजळते. अशी ऊती मूळ हाडाशी ताडल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

ताडणीचे हाड कत्तलीनंतर लगेच गोठवावे आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय एनएमआर सुविधेसारख्या ठिकाणी तसेच गोठलेले पोचवावे. फॉर्मॅलिन वापरू नये. त्याने कोलॅजनच्या साखळ्यांत नवे बंध तयार होतात, आणि मग वाचली जाते ती त्या रसायनाने बदललेली रचना.