खुनी बाहेरचा, गाव निर्दोष

‘देवमाणूस’ या मालिकेवर मराठीत जे आक्षेप घेतले गेले ते जवळजवळ सगळे एकाच जातीचे होते. खुन्याला नायक केले, गुन्ह्याला ग्लॅमर दिले, मुलांवर काय संस्कार होणार, वगैरे. मला हे आक्षेप मान्य नाहीत. खुन्याच्या मनात वाचकाला नेऊन बसवणे हे ‘मॅक्बेथ’पासून दस्तयेवस्कीपर्यंत साहित्याने वारंवार केलेले काम आहे आणि साहित्य शिकवणाऱ्यांनी तरी त्याला भिऊ नये. अजितकुमार देव हा डॉक्टर प्रेक्षकाला आवडला, किरण गायकवाड या नटाने तो आवडेल असाच केला, यात गैर काही नाही. गैर आहे ते दुसरेच आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही. या मालिकेने खुन्याला सोडले नाही. तिने गावाला सोडले.

ज्या घटनेवरून मालिका बेतली ती आधी आठवावी लागेल. ऑगस्ट २०१६ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या वाई परिसरात डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका माणसाला अटक झाली. बेपत्ता झालेल्या एका अंगणवाडी कार्यकर्तीचा शोध घेता घेता पोलीस त्याच्यापर्यंत पोचले आणि धोम येथे त्याच्या जागेतून पुरलेले मृतदेह निघाले. २००३ ते २०१६ या काळातले सहा खून त्याच्यावर ठेवण्यात आले: पाच स्त्रिया आणि एक पुरुष. आरोपांचा न्यायनिवाडा न्यायालयाचा; मला त्यात जायचे नाही. मला फक्त दोन गोष्टी नोंदवायच्या आहेत. एक, हा माणूस तिथलाच होता. दोन, पहिल्या आणि शेवटच्या घटनेत तेरा वर्षांचे अंतर होते.

३१ ऑगस्ट २०२० रोजी झी मराठीवर ‘देवमाणूस’ सुरू झाली तेव्हा या दोन्ही गोष्टी गळून गेल्या होत्या. मालिकेतला डॉक्टर हा मुळात डॉक्टर नाहीच. तो देवीसिंग नावाचा परप्रांतीय कंपाउंडर आहे, दुसऱ्याचे नाव लावून गावात शिरलेला. पुढच्या भागात तर कथा त्याच्यामागे राजस्थानात गेली. पटकथेची सोय म्हणून हा बदल क्षुल्लक वाटेल. पण अर्थाच्या दृष्टीने सगळी मालिका या एका बदलावर उभी आहे. खुनी बाहेरून आला म्हटले की गावाला फक्त फसण्याचे काम उरते. वाईच्या घटनेत अंगावर काटा आणणारी बाब ही होती की ज्याच्यावर आरोप ठेवला गेला त्याला सगळे ओळखत होते. पाहुणा मारेकरी ही तुलनेने फारच सुखाची कल्पना आहे.

तेरा वर्षांचे तसेच. एखादी बाई बाजाराला जाते आणि परत येत नाही. घरचे चार दिवस शोधतात, ठाण्यात ‘मिसिंग’ची नोंद होते, आणि मग गावच तिच्यासाठी एक कथा तयार करते: गेली असेल कुणाबरोबर. मराठीत यासाठी ‘पळून गेली’ हे दोन शब्द पुरतात. एकदा ते उच्चारले की शोध थांबतो; घरच्यांचाही थांबतो, कारण शोधण्यातच नामुष्की असते. ज्या बाईमुळे हे प्रकरण उघडकीला आले ती संघटनेत काम करणारी, चारचौघांत ओळख असलेली बाई होती, हा मला योगायोग वाटत नाही. तिच्या गैरहजेरीला साक्षीदार होते. बाकीच्यांना नव्हते. थरारकथेला याहून भयंकर सामग्री कोणती हवी होती? मारेकऱ्याच्या इंजेक्शनापेक्षा गावाच्या तोंडचे ते दोन शब्द जास्त गुणकारी ठरतात. मालिकेत मात्र बायका मरतात त्या डॉक्टरच्या मोहात पडून, आणि प्रेक्षक त्यांच्याकडे बघतो तो पुढचा नंबर कोणाचा या उत्सुकतेने.

मी हे कसाऱ्यात बसून लिहितो आहे. इथे मुंबईची लोकल संपते आणि घाट सुरू होतो. रुळापासून आत शहापूर-मुरबाडच्या पाड्यांकडे वळले की रस्ता कुठे संपेल याचा भरवसा नसतो. पावसाळ्यात बाळंतीण झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात, अशा बातम्या दरवर्षी छापून येतात आणि आम्ही त्या चहाबरोबर वाचतो. अशा भागात पदवी नसलेला डॉक्टर कसा टिकतो हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. त्याला ‘बंगाली डॉक्टर’ म्हणतात, मग तो कुठलाही असो. तो रात्री दार उघडतो, उधारीवर सलाईन लावतो आणि रुग्णाला ‘पुढच्या महिन्यात या’ असे सांगत नाही. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ सालचा. बोगस डॉक्टरांवर त्याच्या कलम ३३ खाली गुन्हे दाखल होतात, आणि तरी हा माणूस राहतोच, कारण त्याची जागा घेणारे दुसरे कोणी आलेले नसते. लोक भोळे असतात म्हणून त्याच्याकडे जात नाहीत. ते हिशेब करून जातात. ‘देवमाणूस’ हे शीर्षक खरे तर या हिशेबाचेच नाव आहे आणि ते ज्याला सुचले त्याला दाद दिली पाहिजे. पण शीर्षक सुचल्यावर त्यामागचे सगळे प्रश्न कुलुपात ठेवून दिले गेले. गावाला खऱ्या डॉक्टरविना किती वर्षे काढावी लागली, हे मालिकेतल्या एकाही पात्राला विचारावेसे वाटले नाही.

त्याऐवजी गावाला काय दिले? विनोद. सरू आजीच्या म्हणी, टोण्याचा आगाऊपणा, इरसाल बोली, हेल काढून बोलणारी माणसे. (सरू आजी मलाही आवडली, हे कबूल करून टाकतो.) ग्रामीण विनोदाची आपली परंपरा मोठी आहे. शंकर पाटलांच्या कथेतला विनोद गावातली सत्ता कोणाकडे आहे हे दाखवून जातो. इथला विनोद ती लपवतो. एका प्रसंगात हसे आणि पुढच्यात प्रेत, अशी वाटणी केली की दोघांचा एकमेकांशी संबंध लागतच नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार-काळापहाडपासून आपली रहस्यकथा बहुतांशी शहरात रमली आणि गाव आपण भुताखेतांना दिले. गावातला माणूसच गावातल्या माणसाला थंड डोक्याने मारतो, हे मान्य करायला आपल्याला अजून जड जाते.

हे करता येत नाही असे मात्र नाही. परभणी जिल्ह्यातल्या मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात खुनांची मालिका घडली. बळी बहुतेक मुली आणि बायका. त्यावर विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरून अमोल पालेकरांनी १९८१ साली ‘आक्रित’ केला. त्यात खुनी कोण हे कोडे नाही. पैसा, अंधश्रद्धा आणि अपत्याची हाव यांची गाठ एका वजनदार घरात कशी बसते, आणि घर वजनदार असल्यामुळे गाव कसे गप्प राहते, एवढेच तो चित्रपट बघत राहतो. २०२४ साली त्याच घटनेवर ‘मानवत मर्डर्स’ ही वेबमालिका आली. ती रमाकांत कुलकर्णी या पोलीस अधिकाऱ्याच्या तपासाची कथा असल्याने तिचे वजन साहजिकच मुंबईहून आलेल्या माणसाकडे झुकते, तरी खुनाचे मूळ गावात आहे हे ती नाकारत नाही.

दैनंदिन मालिकेकडून तेंडुलकरांची अपेक्षा कशाला, असे कोणी म्हणेल. टीआरपी, जाहिराती, रोज एक भाग, सगळे खरे. पण मी मागतो आहे ते कलामूल्य नव्हे. देवीसिंग हे नाव आणि तो परप्रांत कोणत्याही जाहिरातदाराने मागितला नव्हता. डॉक्टर त्याच गावचा ठेवला असता तर एका भागाचाही खर्च वाढला नसता. वाढली असती ती बघणाऱ्याची अस्वस्थता, आणि साडेदहाच्या वेळेला आपल्याला भीती हवी असते, अस्वस्थता नको असते.

परवा एमएच्या वर्गात या मालिकेचा विषय निघाला. मुलांना सरू आजीच्या म्हणी धडाधड आठवल्या, डॉक्टरच्या लकबी आठवल्या, एकाने तर आवाज काढून दाखवला. मी विचारले, मालिकेत मेलेल्या बायकांची नावे सांगा. बराच वेळ गेला. मागच्या बाकावरून कोणीतरी एक नाव सांगितले, ते दुसऱ्याच मालिकेतले निघाले. मुलांनी मग माझ्याकडे पाहिले. मलाही आठवत नव्हते.