परसातली चूल, बारा महिन्यांची

नव्या बंगल्याच्या नकाशात आजकाल मागच्या बाजूला एक चौकोन हमखास आखलेला असतो. त्यात लिहिलेलं असतं, ‘आउटडोअर किचन’. आर्किटेक्ट मोठ्या उत्साहाने सांगतात, इथे पाहुणे बसतील, इथे तंदूर येईल. घरातल्या आजीला मात्र यात काही नवल वाटत नाही. तिच्या माहेरी पाणी तापवायची चूल, कुरडयांचा चीक शिजवायचं पातेलं, मिरच्या भाजायची कढई, सगळं परसातच होतं. आपण ते घरात आणलं, दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि आता फोडणीचा ठसका बैठकीपर्यंत पोचला की एकमेकांवर चिडतो.

आमच्या घरी मात्र हे नुसतं चिडण्यावर भागलं नाही. सासूबाईंना दमा आहे. २०१५ च्या उन्हाळ्यात वर्षाचा मसाला भाजताना त्यांना अशी धाप लागली की रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. धूर आणि खकाणा यांपासून लांब राहा, असं डॉक्टरांनी बजावलं. घरातल्यांनी त्याचा सोपा अर्थ काढला, की आता त्यांनी स्वयंपाकघरात पाऊलच टाकायचं नाही. चाळीस वर्षं ज्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या तो सुटला आणि त्या टीव्हीसमोर बसू लागल्या. पंधरा दिवसांत त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. तेव्हा ठरलं की भाजणं-तळणं मोकळ्या हवेत न्यायचं, म्हणजे घरातली हवा स्वच्छ राहील आणि आईंना पुन्हा स्वयंपाकात हात घालता येईल.

घर नागपूरचं, उत्तरेला तोंड असलेलं. मागे दक्षिणेला परस. २०१६ च्या मार्चमध्ये काम काढलं. दहा बाय आठ फुटांची फरशी, वर पत्रा, काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, कोपऱ्यात चूल. पहिला फटका मे महिन्यातच बसला. पारा पंचेचाळिशीकडे झुकला आणि दुपारी त्या ग्रॅनाइटला हात लावायची सोय राहिली नाही. चूल घरातल्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बांधलेली, त्यामुळे सगळा धूर परत आत. आणि जूनमध्ये पाऊस वाऱ्यासकट आला तेव्हा कळलं की पत्र्याचा उतारही घराकडे आहे आणि फरशीचाही. पाणी मागच्या दारातून थेट वर्षाच्या गव्हाच्या कोठीखाली गेलं.

काम चालू असताना आई म्हणाल्या होत्या, “अगं, झड पश्चिमेकडून येते. तिकडे भिंत घ्या.” गवंडी हसून म्हणाला, “ताई, पाऊस तं वरूनच पडते.” आणि आम्ही दोघं शिकली-सवरलेली माणसं त्याच्याबरोबर हसलो होतो. त्या परसात चाळीस पावसाळे काढलेल्या बाईला आम्ही ओट्याचा रंग कोणता हवा एवढंच विचारलं होतं!

२०१८ मध्ये तोडून पुन्हा बांधलं. या खेपेला आई खुर्ची टाकून समोर बसल्या होत्या.

आधी जागा पाहा

पंचांगात ऋतू सहा, शाळेच्या पुस्तकात तीन. पण परसात स्वयंपाक करणाऱ्याला चार मोजावे लागतात, कारण ऑक्टोबरचा उष्मा हे एक वेगळंच प्रकरण आहे. म्हणून जमलं तर बांधण्याआधी वर्षभर जागा नुसती पाहा. ऊन कुठवर येतं, झड कोणत्या बाजूने मारते, पाणी कुठे साचतं, हे खडूने फरशीवर किंवा वहीत टिपून ठेवा. तेवढा धीर नसेल तर घरातल्या जुन्या माणसाला किंवा शेजाऱ्यांना विचारा.

आमच्याकडे पावसाळी वारे पश्चिम-नैर्ऋत्येचे. उन्हाळ्यात संध्याकाळचं तिरपं ऊनही पश्चिमेचंच. म्हणून पश्चिमेला अखंड भिंत घेतली. पूर्वेला कमरेएवढी भिंत आणि वर विटांची जाळी. दक्षिण मोकळी ठेवली, ती हिवाळ्यासाठी. डिसेंबरात नागपूरला भर दुपारी सूर्य जेमतेम ४५ अंशांवर असतो, म्हणजे छताची कड सात फुटांवर असेल तर ऊन सात फूट आत येतं. मे-जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर असल्यामुळे तीच कड पुरती सावली देते. ऑक्टोबरात मात्र दुपारचं ऊन चार फूट आत शिरतं, नेमकं शेगडीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीवर. त्यासाठी बांबूच्या चिकाचा गुंडाळता येणारा पडदा लावला. नैर्ऋत्येची झड आली की तिथेच ताडपत्री सोडतो.

छताचा उतार घरापासून दूर हवा, कडेला पन्हळ हवी आणि वळचण निदान अडीच फूट बाहेर हवी. फरशी मागच्या दाराच्या उंबऱ्यापेक्षा चार इंच खाली ठेवा आणि दर चार फुटांना एक इंच उतार द्या. गवंडी म्हणेल, एवढा कशाला? त्याच्या देखत बादलीभर पाणी ओतून बघा. पैसे त्यानंतर द्या.

दगड, लोखंड आणि आग

ओट्याला कडप्पा, शहाबादी किंवा कोटा स्वस्त पडतो. पण हे तिन्ही चुनखडीचे दगड. लिंबू, चिंच, आमसूल सांडलं की डाग कायमचा. ग्रॅनाइटला ती भीती नाही, फक्त तो सावलीत हवा आणि शक्यतो फिकट रंगाचा. ओट्याखाली प्लायवूडची कपाटं करू नका. एका पावसाळ्यात फुगतात, उरलेलं वाळवी बघते. विटांचे कप्पे आणि अॅल्युमिनियमची दारं पुरेत. कोकण-गोव्याकडच्या वाचकांनी आणखी एक सांभाळावं. खाऱ्या हवेत हलकं स्टील तांबूस पडतं. तिथे सिंक आणि नळ ३०४ प्रतीचे घ्या, समुद्र अगदी दारात असेल तर ३१६ चे.

चुलीच्या आतल्या बाजूला सिमेंट वापरू नका. आगीने ते तडकतं. अग्निविटा घ्या आणि त्या अग्निमातीतच बसवा. उघड्यावर आहे म्हणून धुराड्याची गरज नाही, हाही गैरसमज. वारा फिरला की धूर तोंडावर येतो. हैदराबादचे अभियंता एस. पी. राजू यांनी १९५० च्या दशकात धूर नळीवाटे बाहेर काढणाऱ्या चुलीचा आराखडा दिला होता. तेच तत्त्व इथेही लागू पडतं. आमची चूल आता खिडकीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात पश्चिमेच्या भिंतीला टेकून आहे आणि तिची नळी छताच्या वर तीन फूट गेली आहे.

उंचीचं गणित बहुतेक घरांत चुकतं. ओटा करणाऱ्या माणसाच्या कोपरापेक्षा पाच-सहा इंच खाली असावा, पण त्यावर शेगडी ठेवली की चार-पाच इंच वाढतात हे कोणी धरत नाही. आई पाच फुटांच्या. त्यांच्यासाठी शेगडीची जागा २८ इंचांवर केली आणि चिरायची बाजू ३२ वर. कुरडयांचा चीक घोटायचं मोठं पातेलं ओट्यावर ठेवलं तर खांदा उतरतो. ते खालच्या चुलीवर, जमिनीपासून फूटभर उंचीवर, शेजारी पाटावर बसूनच.

गॅसबद्दल मात्र हयगय नको. आपला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून ‘उघड्यावर तर आहे’ असं म्हणून सिलिंडर खड्ड्यात, बंद पेटीत किंवा मोरीच्या तोंडापाशी ठेवणं धोक्याचं. सिलिंडर सावलीत, उभा आणि शेगडीच्या पातळीपेक्षा खाली असावा. पेटी केलीच तर तिला तळाशीही मोकळी झरोके-जाळी हवी. घरातल्या सिलिंडरची रबरी नळी खिडकीतून लांबवत बाहेर आणणाऱ्या बहाद्दरांची संख्या कमी नाही. उन्हाने रबर चिरतं, उंदीर कुरतडतात. लांब जोडणी हवी असेल तर एजन्सीच्या मिस्त्रीकडून तांब्याची नळी टाकून घ्या. आयएसआय खुणेची सुरक्षा नळीही पाच वर्षांनी बदलायचीच. शेगडीच्या वाऱ्याकडच्या बाजूला नऊ इंचांचा आडोसा करा, नाहीतर ज्योत विझते आणि गॅस तसाच चालू राहतो.

मिक्सरसाठी बाहेर वीज घेतली असेल तर झाकणाचा जलरोधक बोर्ड, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी एवढं हवंच. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून वाटण करायची आपल्याला सवय आहे, म्हणून हे सांगते.

सिमला, मसुरी, डेहराडूनच्या वरच्या भागात राहणाऱ्यांचा चौथा ऋतू आमच्यापेक्षा कडक. तिथे नळातलं पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं आणि नळी फोडतं. बाहेरच्या नळाला घराच्या आत एक वेगळी चावी द्या, नळी उताराने टाका आणि थंडी सुरू झाली की पाणी पूर्ण काढून ठेवा. आणि एक, थंडी वाजते म्हणून निखाऱ्याची शेगडी उचलून झोपायच्या खोलीत नेऊ नका. कोळशाच्या त्या वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. उत्तरेत दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात.

आमच्याकडे आता वेळापत्रक आईंचं आहे. मे महिन्यात सकाळी नऊनंतर बाहेरचं स्वयंपाकघर बंद. पावसाळ्यात भजी आणि पोळ्या बाहेर, बाकी आत. मसाला भाजायचा दिवस त्या वारा बघून ठरवतात. भाजायचं काम माझं, त्या नाकाला रुमाल बांधून वाऱ्याच्या वरच्या बाजूला दहा फुटांवर बसतात आणि धने जळताहेत हे तिथून सांगतात. तुझ्या हातचा मसाला जरा कच्चाच राहतो, हे ऐकून घ्यावं लागतं. डिसेंबरात दुपारी ऊन सात फूट आत आलेलं असतं तेव्हा त्या तिथे मटार सोलत बसतात. गेल्या जूनमध्ये पन्हळीत पानं अडकून पाणी तुंबलं, तेव्हा शिडी लावायला यांना सांगितलं तेही त्यांनीच.