नोकरी मिळाली, पण घराचं काय?

रमजानच्या आठवडाभर आधी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. घाटकोपरच्या ज्या उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवते, तिथेच तो दहावी झाला. आता पवईत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. चहा झाला, शाळेच्या आठवणी झाल्या. मग खाली बघत म्हणाला, "टीचर, मी गे आहे. ऑफिसात सांगितलंय. घरी नाही. तुम्ही अम्मीशी बोलाल?"

त्याच्या परवानगीने हे लिहिते आहे. त्याची ओळख पटेल असं काही यात ठेवलेलं नाही.

मला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण मला आठवला सातवीचा वर्ग. हा मुलगा फळ्यावर लिहायला उठला की मागची मुलं त्याच्या चालण्याची नक्कल करायची. एकदा मीच सर्वांसमोर त्याला म्हणाले होते, "मुलांसारखा चाल." वर्ग हसला. बीएडच्या परीक्षेत 'वैयक्तिक भिन्नता' या प्रश्नाचं उत्तर मी पान भरून लिहिलं होतं. वर्गात ती भिन्नता समोर उभी राहिली, तेव्हा मला हसणाऱ्यांच्या बाजूचं वाक्य सुचलं.

त्याच्या कंपनीत या कामासाठी वेगळी अधिकारी आहे. नोकरीच्या अर्जात लिंगाचे दोनच रकाने नकोत, ट्रान्सजेंडर उमेदवाराच्या पदवीवर एक नाव आणि आधारवर दुसरं असेल तर तिचा अर्ज अडू नये, वैद्यकीय विम्यात जोडीदार कुणाला म्हणायचं, गेटवरच्या वॉचमनने कुणाला कसं थांबवायचं, कोणतं शौचालय कुणाला खुलं, अशा गोष्टी ती बघते. हे काही जूनमध्ये कंपनीच्या चिन्हाला सात रंग फासण्यापुरतं काम नाही. रोज करायचं काम आहे.

हे काम करणाऱ्यांमधलं एक नाव आपल्या वाचकांना माहीत असायला हवं. जैनब पटेल. मोहल्ल्यातल्या कुठल्याही घरात शोभावं असं नाव. त्या ट्रान्सजेंडर स्त्री आहेत. केपीएमजी या मोठ्या सल्लागार कंपनीत सर्वसमावेशकतेच्या कामाच्या डायरेक्टर म्हणून त्यांनी काम केलं. केंद्र सरकारने २०२० मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी राष्ट्रीय परिषद नेमली, तीत त्या सदस्य होत्या. समलिंगी विवाहाच्या खटल्यात त्या एक याचिकाकर्त्या होत्या. ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे, असं सरकारने कोर्टात म्हटलं होतं. एप्रिल २०२३ मध्ये जैनब यांचे वकील के. व्ही. विश्वनाथन यांनी सुप्रीम कोर्टाला सांगितलं की माझ्या अशिलाला घरच्यांनी नाकारलं, तिने रस्त्यावर भीक मागितली आणि आज ती डायरेक्टर आहे. हिला उच्चभ्रू कसं म्हणता?

तो युक्तिवाद वाचताना मी अडखळले ते 'घरच्यांनी नाकारलं' या शब्दांपाशी. भीक त्याच्यानंतर आली. म्हणजे कंपनीने पुढे जे दिलं, ते आधी घराने काढून घेतलं होतं.

१७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल लागला. समलिंगी विवाहाचा हक्क कोर्टाने मान्य केला नाही. त्या निकालावर मतभेद असू शकतात, धर्माच्या अंगाने तर असणारच. मी आलिमा नाही आणि इथे फतवा द्यायला बसलेली नाही. माझा प्रश्न निकाहाचा नाही, छताचा आहे.

माझा विद्यार्थी पवईजवळ खोली शोधत होता. दलालाचा पहिला प्रश्न, नाव काय? नाव सांगितलं की फोन थंड. जिथे नावाने अडलं नाही, तिथे दुसरा प्रश्न, फॅमिली की बॅचलर? आणि मग एका ठिकाणी मालकाने त्याला बघून, त्याचं बोलणं ऐकून, दुसऱ्या दिवशी टोकन परत केलं. तो मालक आपल्यातलाच होता. नमाजी माणूस.

आपल्यापैकी कुणाला पहिला प्रश्न नवा आहे? मुलुंडला एका सोसायटीत आम्ही फ्लॅट बघायला गेलो होतो. सेक्रेटरी अगदी गोड बोलले. आडनाव कळल्यावर फ्लॅट 'कालच गेला' होता. त्या रात्री माझ्या नवऱ्याला जेवण गेलं नाही. हा अपमान आपण लेखांतून, सभांतून, लग्नाच्या पंगतीत सांगतो. योग्यच आहे. पण टोकन परत करणारा तो मालक उद्या माझ्या मुलुंडच्या गोष्टीवर मान हलवेल, आणि त्याला दोन्हींत काही सारखं दिसणार नाही.

नोकरी एकटी पुरत नाही, याचं उदाहरण केरळात घडून गेलं आहे. २०१७ मध्ये कोची मेट्रोने वीसहून अधिक ट्रान्सजेंडर व्यक्तींना कामावर घेतलं. देशभर कौतुक झालं. पण महिना व्हायच्या आत त्यांतल्या काहींनी नोकरी सोडली, कारण शहरात कुणी खोली द्यायला तयार नव्हतं आणि लॉजचं भाडं पगारात बसत नव्हतं. मेट्रोने दार उघडलं होतं, शहराने बंद केलं.

कायद्याला हे कळलं आहे. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्यात नोकरीतला भेदभाव जसा मना आहे, तसा घर भाड्याने देतानाचाही मना आहे. आईवडिलांच्या घरात राहण्याचा हक्कही त्यात लिहिलेला आहे. माझ्या विद्यार्थ्याला मात्र त्याचा उपयोग नाही, कारण तो ट्रान्सजेंडर नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ बाबत निकाल दिला, तेव्हापासून तो गुन्हेगार नाही, एवढंच. खोली त्याला कायदा देणार नाही. माणसंच देतील.

काही जण म्हणतील, टीचर, दीनमध्ये जे चूक आहे त्याला तुम्ही बरोबर म्हणता का? मी एवढंच म्हणते की व्याज खाणाऱ्याला, हुंडा घेणाऱ्याला, बहिणीचा वाटा दाबणाऱ्याला आपण खोली नाकारत नाही. तिथे हिशेब अल्लाहवर सोडतो आणि डिपॉझिट मोजून घेतो. मग एकाच माणसाचा हिशेब आपण दारात उभं राहून का करतो? रिज्क देणारा तो आहे, असं आपण मुलांना शिकवतो. त्याने दिलेली रोजी आपण खोली नाकारून कापायची का?

कंपन्यांनाही एक सांगायचं आहे. तुमच्या सर्वसमावेशकतेच्या यादीत आता बरेच रकाने आले. मुसलमान नावाचा अर्ज किती वेळा न उघडता बाजूला जातो, हेही एकदा बघा. माझा विद्यार्थी म्हणतो, "टीचर, ऑफिसात मी गे म्हणून चालतो, मोहल्ल्यात मुसलमान म्हणून. पूर्ण कुठेच चालत नाही." त्याचं बोलणं ऐकून मला सातवीतलं माझं वाक्य परत ऐकू आलं. मुलांसारखा चाल.

त्या दिवशी मी आधी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "टीचर, मी विसरलो होतो." खोटं बोलला. मग मी कुर्ल्याला भावाला फोन केला. त्याची वरची खोली दोन महिने रिकामी होती. मुलगा कसा आहे, त्याने विचारलं. मी म्हणाले, "माझा विद्यार्थी आहे, भाडं वेळेवर देईल." तो आणखी काही विचारणार होता, पण थांबला. खोली दिली.

त्याच्या अम्मीशी अजून बोलले नाही. तो म्हणाला, ईदनंतर. तोवर काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, याचा विचार करते आहे. बहुतेक त्या सातवीच्या वर्गापासूनच करेन. आधी माझी चूक सांगेन, म्हणजे त्यांना त्यांची भीती सांगायला जागा राहील.